ताड-माडाचे कूळ आणि यावलची चूल

यावलमध्ये लेकीची ओटी भरताना तांदळाबरोबर काय काय पडते ते पाहावे. नारळ, तो नसेल तर खोबऱ्याची वाटी. सुपारी. खारीक. हळकुंड. ऐपतीप्रमाणे बदाम. यातली नारळ, सुपारी आणि खारीक ही तिन्ही एकाच कुळातल्या झाडांची फळे आहेत आणि तिन्हींतले एकही आमच्या शिवारात पिकत नाही. माड किनारपट्टीचा आणि दक्षिणेचा, पोफळ श्रीवर्धनची नाही तर शिरसीकडची, खारीक सिंध आणि आखाती मुलखातली. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत उतरत गेलेला हा काळ्या मातीचा पट्टा वैशाखात ४५ अंशांच्या पुढे तापतो. इथे हौसेने लावलेला माड जगतो, पण त्याच्या भरवशावर स्वयंपाक होत नाही. तरीही बारशापासून तेराव्यापर्यंत या कुळावाचून आमचे पान हलत नाही. खानदेश म्हटले की लोक केळी, कपाशी आणि वांग्याचे भरीत सांगतात. ताड-माडाचा मुलूख म्हणून त्याचे नाव कुणी घेत नाही. हे पुस्तक त्या न घेतलेल्या नावाचे आहे.

कूळ मोठे आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला ॲरेकेसी म्हणतात. ताड, माड, पोफळ, खजूर, शिंदी, कोकणातला भेरली माड, आफ्रिकेतला तेलमाड, मलायाकडचा साबुदाण्याचा माड हे सगळे त्यात येतात. खुर्च्या विणायचा वेतही याच कुळातला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. या झाडांची एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवावी, कारण पुढे सगळे तिच्यावर येऊन थांबणार आहे. आंब्याची किंवा लिंबाची फांदी छाटली की दुसरी फुटते. ताड, माड, पोफळ यांना तसे जमत नाही. खोड एक, त्याला फांदी नाही, आणि वाढीचा कोंब एकच, शेंड्याच्या आत, पानांच्या देठांनी घट्ट गुंडाळलेला. तो कोंब आणि त्याच्या भोवतीची अजून हिरवी न झालेली कोवळी पाने म्हणजे गाभा. जगभर त्याची भाजी होते, कोशिंबीर होते, तो बाटल्यांत भरून विकला जातो. पुस्तकाची कल्पना त्या गाभ्यापासूनच निघाली. पण पुस्तकातला सर्वांत मोठा भाग जो झाला आहे तो केळीवर, आणि केळ तर या कुळातलीही नाही. असे का झाले ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

आधी खोबऱ्याविषयी, कारण आमच्या चुलीवर या कुळाचे खरे राज्य खोबऱ्याचे. खानदेशी रस्सा काळा होतो तो भाजलेल्या खोबऱ्याने आणि कांद्याने. खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून थेट जाळावर नेतात. काही क्षणांत कडेला तेल सुटून चुरचुरते आणि वाटी स्वतःच पेट घेते. तिला फुंकर घालून विझवायचे, फिरवायचे, पुन्हा धरायचे. बाहेरून काळीठिक्कर झाली तरी आतला गर तपकिरी राहिला पाहिजे; तोही काळा पडला तर रस्सा कडवट होतो आणि मग गूळ घालूनही सावरत नाही. वाटी गरम असतानाच फोडायची, कारण गार झाली की चिवट होते. मग आरात भाजलेला कांदा, धने, मिरे, लवंग, दगडफूल, लाल मिरची यांच्यासह पाट्यावर. सुक्या खोबऱ्याच्या वजनात दोन तृतीयांशाच्या आसपास तेल असते. मसाला फोडणीत परतताना तेच तेल सुटते, मसाल्याचा वास उचलून धरते आणि शेवटी रश्श्यावर तवंग होऊन येते. म्हणून ओले खोबरे घालून केलेली शेवभाजी गोड लागते आणि अंगावर येत नाही. ज्यांना ती तशी आवडते त्यांनी जरूर करावी, पण तिला खानदेशी म्हणू नये.

हे खोबरे कसे होते, हे इथल्या फार थोड्या घरांत माहीत आहे. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातले तिपटूर ही खाण्याच्या खोबऱ्याची मोठी बाजारपेठ. तिकडचे शेतकरी पूर्ण पिकलेले नारळ न फोडता माळ्यावर रचून ठेवतात आणि आठ-दहा महिने त्यांना हात लावत नाहीत. आतले पाणी हळूहळू गरात जिरते, गर सुकत करवंटीपासून सुटतो आणि नारळ हलवला की आत गोटा खडखडतो. तेव्हा करवंटी फोडून सबंध गोटा बाहेर काढायचा. जो जिन्नस वर्षभर माळ्यावर राहू शकतो तो शेकडो मैलांचा प्रवासही करू शकतो. ओला नारळ यावलपर्यंत येईतो महाग पडणार आणि उन्हाळ्यात नासणार. सुके खोबरे दोन्हींतून सुटले, म्हणून ते खानदेशाच्या डब्यात येऊन बसले, असे मला वाटते. बामणोदच्या हिरव्या वांग्यांचे भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजून झाले की त्यात तेलावर परतलेले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे पातळ काप पडतात. वांगे आमच्या तालुक्याचे, काड्या आमच्या, शेंगदाणा आमचा आणि काप तिपटूरकडचे. भरीत आमचेच म्हणवते, आणि ते खरेही आहे.

खारकेचे थोडक्यात सांगते. खजूर अर्धपक्का, कडक असताना उतरवून उकळायचा आणि उन्हात वाळवायचा, की त्याची खारीक होते. भारतात पूर्वी ती मुख्यत्वे सिंधमधून येई. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानच्या मालावर २०० टक्के आयातकर बसला, तेव्हा आमच्या किराणा दुकानांत खारकेचा भाव चढला आणि बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत खारकेच्या पुडीचे माप आकसले. दूरच्या सीमेवरचे राजकारण बाळंतिणीच्या वाटीपर्यंत कसे पोचते ते त्या हिवाळ्यात बायकांनी पाहिले. या पुस्तकात लाडवांचे माप जुनेच दिले आहे.

साबुदाण्याला इथे जागा द्यावी की नाही, यावर बराच विचार केला. मूळचा साबुदाणा मलाया आणि इंडोनेशियाच्या दलदलीत वाढणाऱ्या माडाच्या खोडातला. ते झाड आयुष्यात एकदाच फुलते आणि फुलले की मरते. फुलण्यासाठी म्हणून खोडात साठवलेला स्टार्च लोक फुलण्याच्या जरासे आधी झाड तोडून काढून घेतात. आपल्याकडचा साबुदाणा मात्र १९४० च्या दशकापासून तमिळनाडूतल्या सेलम भागात टॅपिओकाच्या कंदापासून होतो. एकादशीची खिचडी म्हणजे ब्राझीलच्या कंदाने मलायातल्या माडाची घेतलेली जागा आहे. तेव्हा खिचडीला इथे प्रकरण दिलेले नाही.

पामतेलाला मात्र दिले आहे, जरी अनेक चांगल्या सुगरणी त्यावर नाक मुरडतील. पश्चिम आफ्रिकेतला हा तेलमाड आज इंडोनेशिया आणि मलेशियात लाखो हेक्टरांवर उभा आहे आणि त्याच्या तेलाची जगात सर्वाधिक आयात भारत करतो. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने रेशनवर १०० रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. त्यात रवा, हरभरा डाळ आणि साखर किलो-किलो, आणि एक लिटर पामतेल होते. महाराष्ट्रातल्या गरीब घरांची त्या वर्षीची चकली-शेव कुणाच्या तेलात तळली गेली, हे त्या पिशवीवरून कळते. आमच्याकडे पूर्वी शेंगदाण्याचे, तिळाचे, करडईचे तेल घाण्यावरून येई, आणि ते मला आजही जास्त आवडते. पण ज्या घरात महिन्याचे तेल मोजून आणतात तिथे जाऊन पामतेल वाईट म्हणून सांगण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेणार नाही. ते कसे वापरावे एवढे सांगता येते. ते थंडीत थिजते, ते नासले असे समजू नये. तळण्याला चांगले टिकते, म्हणूनच बाजारातल्या फरसाणाच्या बहुतेक कढयांत तेच असते. भरतावर किंवा ठेच्यावर कच्चे घालायला मात्र ते कामाचे नाही, त्याला स्वतःची चव नाही.

आता आमच्या स्वतःच्या झाडाकडे येऊ, कारण तेही आहे. यावलच्या नाल्यांच्या काठाने, तापीकडे उतरणाऱ्या ओढ्यांतून शिंदी उभी असते. तिच्या पानांच्या केरसुण्या आणि चटया आपण वापरल्या आहेत. तिची नारिंगी, बोटभर फळे गुरे राखणाऱ्या पोरांनी खाल्ली आहेत, गर थोडा आणि बी मोठी. शिंदी ही खजुराची सख्खी बहीण. तिचा खरा मोलाचा भाग म्हणजे रस. थंडी पडली की शेंड्याजवळची एका बाजूची पाने छाटतात, तिथले कोवळे खोड तासून गुळगुळीत करतात, खाच पाडून बांबूची नळी बसवतात आणि खाली मडके बांधतात. रात्रभर थेंब थेंब रस जमतो. पहाटे उतरवला तर ती नीरा. ऊन वर आले की आंबायला लागते आणि दुपारपर्यंत ताडी होते. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणे लांबते. पुढच्या वर्षी खाच उलट बाजूला घ्यायची असते, म्हणजे झाडाला एकीकडची जखम भरायला वेळ मिळतो. वर्षानुवर्षे रस काढलेल्या शिंदीचे खोड म्हणून डावी-उजवीकडे खाचा घेत नागमोडी वर गेलेले दिसते. त्या खाचा खालून वर मोजल्या की त्या झाडाने किती हिवाळे रस दिला ते सांगता येते.

आठ-दहा लिटर ताजी नीरा मंद जाळावर आटवली तर साधारण किलोभर गूळ होतो. बंगालमध्ये हिवाळ्यात ज्या नोलेन गुडाच्या संदेशासाठी रांगा लागतात, तो गूळ याच झाडाचा आहे. हीच शिंदी, हीच खाच, हेच मडके. तिकडे गाछी, म्हणजे रस काढणारा, काही दिवस रस काढून मग झाडाला विश्रांती देतो, आणि विश्रांतीनंतरच्या पहिल्या रात्रीचा रस सर्वांत उत्तम मानतात. तेच झाड तिकडे एका प्रांताच्या मिठाईचा अभिमान झाले आणि आमच्याकडे त्याचे नाव नुसत्या दारूला चिकटले. याला माझ्या मते कायद्याचा मोठा हातभार आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने रस काढण्याच्या झाडांवर कर आणि परवाना आला. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने नीरेलाही परवान्याच्या कक्षेत घेतले. ज्याला झाडावर चढता येते त्याला गूळ करण्यासाठीही आधी परवानगी लागते, मग तो चढतोच कशाला? कायदा करणाऱ्यांना ताडी थांबवायची होती. तिच्याबरोबर गुळाचीही वाट बंद झाली.

ही वाट उघडण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही, आणि त्या प्रयत्नाचा धागा आमच्या तालुक्यातून जातो. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला झाले. खेड्यात भरलेले ते पहिले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, आणि नंदलाल बोस यांनी बांबू व गावच्या साध्या सामानातून अधिवेशनाचे टिळकनगर सजवले होते. त्याला जोडून खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते, त्याचे उद्घाटन गांधीजींनी केले. दोनच वर्षांपूर्वी, १९३४ मध्ये, वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला होता आणि त्याच्या कार्यक्रमात ताडगूळ होता. ताडीवर जगणाऱ्या माणसाची भाकरी न हिरावता ताडी थांबवायची, तर त्याच रसाचा गूळ करायला हवा, असा तो विचार. गजानन नाईक यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. ती परंपरा पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाकडे आली. २०२० मध्ये आयोगाने डहाणूला २०० कारागिरांना नीरा काढण्याची आणि ताडगूळ करण्याची साधने दिली. फैजपूरच्या मातीत ज्या कल्पनेला मांडव मिळाला ती डहाणूला पोचली आणि फैजपूरच्या नाल्यातली शिंदी तशीच राहिली, याची मला खंत वाटते. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल पाड्यांवर ताड-शिंदीवर चढणारी माणसे आजही आहेत. गुळाच्या पाककृती या पुस्तकात दिल्या आहेत त्या या आशेने, की कुणी परवाना काढून आपल्या शिवारातला गूळ करील आणि त्याचे पुरणाचे मांडे खापरावर टाकील.

आणि गाभा? शिंदीचा गाभाही खातात. बंगालमध्ये त्याला माथी म्हणतात. पांढरा, करकरीत, किंचित गोडसर. खजुराचा गाभा खाल्ल्याची फार जुनी नोंद ग्रीक सेनानी झेनोफन याने करून ठेवली आहे. ख्रिस्तपूर्व ४०१ मध्ये बाबिलोनियातून जाताना त्याच्या सैनिकांनी तो प्रथमच चाखला. चव आणि रूप वेगळेच म्हणून त्यांना नवल वाटले, आणि तो म्हणतो, डोकेही दुखले. पण पुढचे त्याचे निरीक्षण महत्त्वाचे: ज्या झाडाचा गाभा काढला ते सबंध झाड वाळून जाई. चोवीसशे वर्षांपूर्वी एका परक्या शिपायाच्या जे लगेच ध्यानात आले, ते विसरून ब्राझीलने आपला जुसारा जवळजवळ संपवला. अटलांटिक किनाऱ्याच्या जंगलातले ते एकखोडी झाड. त्याचा गाभा उत्तम, म्हणून विसाव्या शतकात चोरून-लपून इतके तोडले गेले की पुष्कळ जंगलांत ते दिसेनासे झाले आणि त्याच्या फळांवर जगणाऱ्या पाखरांचीही उपासमार झाली. मग व्यापार बेटाने वाढणाऱ्या झाडांकडे वळला. असाई आणि पुपुन्या यांना बुंध्याशी अनेक खोडे फुटतात. एक कापले तरी बेट जगते. आज बाजारात बाटलीतून येणारा गाभा पुष्कळसा असल्या झाडांचा असतो. आसामात वेताचे कोवळे कोंब खातात तेही याच कारणाने चालून जाते, तिथेही बेट उरते.

शिंदीला बेट नसते. तिला एकच शेंडा, आणि त्या शेंड्याखाली तिचे सगळे हिवाळे. एका दुपारच्या भाजीसाठी वीस वर्षांचे झाड मारायचे, तेही रस, केरसुणी, चटई, पाखरांची फळे सगळे देऊ शकणारे, हे मला मान्य नाही. वादळात माड पडला तर कोकणातला माणूस त्याचा गाभा वाया जाऊ देत नाही, आणि ते योग्यच. पडलेल्या झाडाचा गाभा खावा. उभ्या शिंदीच्या गाभ्याची पाककृती मात्र या पुस्तकात नाही. ती मला मिळाली होती आणि मी ती मुद्दाम घेतलेली नाही.

इथून केळीचे प्रकरण सुरू झाले. जो गाभा काढल्याने झाड मरत नाही, कारण त्या खोडाचे आयुष्य तसेही संपलेले असते, असा गाभा यावल-रावेरमध्ये रोज गाड्या भरून फेकला जातो. जळगाव जिल्ह्यात पन्नास हजार हेक्टरांच्या आसपास केळी उभी असते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. दीड बाय दीड मीटरवर लागवड धरली तर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. केळीचे खोड म्हणजे एकावर एक गुंडाळलेल्या सोपटांचा खांब. खरे खोड जमिनीखाली कंदाच्या रूपात असते. कंदातून फुलाचा दांडा निघून त्या सोपटांच्या मधून वर चढतो, शेंड्याला बाहेर येतो, झाड निसवते. तो मधला दांडा म्हणजे केळीचा गाभा. ताडाच्या गाभ्यापेक्षा तो मुळातच वेगळा: ताडाचा गाभा म्हणजे उद्याची पाने, केळीचा गाभा म्हणजे निसवून गेलेल्या फुलाचा देठ. एका खोडाला एकदाच घड येतो. घड उतरवला की ते खोड संपले, बुंध्याशी पील उभे असते. पीलबाग धरायची असेल तर जाणते शेतकरी खोड बुडापासून न कापता अर्धे ठेवतात, म्हणजे त्यातला रस पिलाला मिळतो. वरचा अर्धा तुकडा बांधावर जातो. एका हेक्टरावर असे ४,४४४ तुकडे. शिवाय घडाच्या शेवटच्या फण्या निघाल्या की खाली लोंबणारे कमळही कापून टाकतात, म्हणजे घड चांगला पोसतो. तेवढीच केळफुले सरीत पडून काळी होतात.

कोकणात आणि गोव्यात गाभ्याची भाजी होते. तमिळ घरांत तो वाळैत्तंडु, बंगालमध्ये थोर. कोलकात्याच्या मंडईत त्याचे तुकडे मांडून विकतात आणि केळफूल तर मोचा म्हणून मानाने शिजते. ज्या मुलखातून केळीच्या वॅगनी भरून उत्तरेकडे गेल्या, सावदा आणि रावेर स्टेशनांची नावे ज्या केळीमुळे दिल्लीच्या व्यापाऱ्यांना पाठ झाली, त्या मुलखात मात्र गाभा ताटात येत नाही. एका म्हाताऱ्या शेजारणीला मी विचारले तेव्हा तिने सरळ सांगितले, “केयीचा गाभा त ढोरायले घालता, माय.” टंचाईत गुरांना घातलेली वस्तू माणसाने खायची म्हणजे कमीपणा, हे त्या वाक्यात आहे. मला ते समजते. पण हीच मावशी अंबाडीची भाजी आणि कळण्याची भाकरी आनंदाने खाते, आणि या दोन्ही गोष्टींना एके काळी गरिबाचे खाणे म्हणत. आज जळगावच्या हॉटेलांत त्याच कळण्याच्या भाकरीसाठी लोक थांबतात. खाण्याची पत ठरलेली नसते. ती चांगल्या हाताने केलेल्या पहिल्या पाच-दहा पंगतींनी ठरते.

तो चांगला हात कसा, ते जरा तपशिलाने लिहिते, कारण गाभा बिघडतो तो साफ करण्यात. खोडाचा हातभर तुकडा घ्या. बाहेरची सोपटे एकेक करून सोलत जा. ती जाळीदार, पाणी भरलेली असतात, सहज सुटतात. जिथून पुढे सोपट सुटत नाही, आणि हातात घट्ट, गुळगुळीत, पांढरा दांडा उरतो, तिथे थांबा. पातळ गोल चकत्या करा. प्रत्येक चकती कापताना सुरीबरोबर कोळ्याच्या जाळ्यासारखी तंतूंची एक बट ओढली जाते. ती तर्जनीवर गुंडाळत जायची, दुसरी चकती, पुन्हा बट, पुन्हा गुंडाळायची. चार चकत्यांनंतर बोटावर अंगठी तयार होते. ती काढून टाकायची. जी बाई हे आळसाने टाळते तिची भाजी दातांत अडकते, आणि मग घरातले लोक गाभ्यालाच नावे ठेवतात. चकत्या चिरल्या चिरल्या पातळ ताकात टाकायच्या, नाही तर पाच मिनिटांत तपकिरी होतात. ताक त्यांचा तुरटपणाही ओढून घेते.

पुढचे सोपे. भिजवलेल्या मुगाच्या डाळीबरोबर हिरवी मिरची, लसूण आणि जिऱ्याच्या फोडणीवर परतून झाकण ठेवले की गाभा लवकर शिजतो. करकरीतपणा थोडा राहिला पाहिजे. कच्च्याची कोशिंबीर होते, दही, शेंगदाण्याचा कूट, फेसलेली मोहरी घालून. आणि माझ्या आवडीचा प्रकार म्हणजे काळ्या मसाल्यातला रस्सा. गाभ्याला स्वतःची चव जेमतेम असते, त्यामुळे तो भाजलेल्या खोबऱ्याचा रस्सा पूर्ण आत ओढतो. त्या वाटीत तिपटूरचा माड आणि यावलची केळ एकत्र येतात, आणि दादर ज्वारीच्या भाकरीबरोबर तो रस्सा कुणाही पाहुण्यासमोर ठेवावा असा होतो. केळफुलाला हाताला तेल लावून बसावे, चीक डाग पाडतो. प्रत्येक फुलातली ताठ दांडी आणि बुडाचा चिवट पापुद्रा काढून, बाकीचे चिरून रात्रभर ताकात ठेवावे. त्याचे भरीतही होते, वांग्याच्या भरताच्या पद्धतीनेच, आणि वांगी महाग असतात त्या दिवसांत ते फार उपयोगी पडते.

गाभा कुठला घ्यावा, हे शेतकऱ्याला विचारूनच ठरवावे. बागेत औषध घातलेले असेल तर किती दिवस झाले ते त्याला माहीत असते. पूर्ण पोसलेला घड उतरवलेल्या खोडाचा गाभा बुडाशी रेषाळ आणि वरच्या भागात चांगला असतो. मे-जूनमध्ये आमच्याकडे वादळे होतात आणि तासाभरात बागाच्या बागा आडव्या पडतात. घड अर्धे पोसलेले असतानाच झाड मोडते. त्या झाडांचा गाभा सर्वांत कोवळा. शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी असताना त्याच्या बागेत भाजीसाठी जायला माणसाचा पाय उचलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवसांत कमळाला आणि गाभ्याला गावच्या बाजारात काही भाव असता, तर बुडालेल्या पैशातले थोडे तरी परत आले असते. असा भाव ग्राहकाशिवाय येत नाही, आणि ग्राहक आधी आपल्याच घरात तयार व्हावा लागतो.

पाककृतींची मापे घरातल्या वाटीने दिली आहेत, आणि सगळ्या ठिकाणी एकच वाटी धरावी. काळा मसाला बाहेरून आणलात तर आधी चाखून मग माप ठरवा, कारण विकतच्या मसाल्यात खोबरे कमी आणि मिरची जास्त असते. नीरा जिथे सांगितली आहे तिथे ती पहाटेची आणि परवानाधारक केंद्रावरचीच घ्या. दुपारची घेतलीत तर पदार्थ आंबूस होईल. खजूर आणि खारीक एकमेकांच्या जागी वापरू नका, दोन्हींतल्या ओलाव्यात फार फरक आहे आणि लाडू वळत नाहीत. गाभा खोड कापल्याच्या दिवशीच घरी आणा, आणि तो चिरायला बसण्याआधी ताक करून ठेवा.